लागोस, २०१४: तापाचा एक पेशंट, ८९४ कॉन्टॅक्ट आणि एक निसटलेला माणूस

साथ आटोक्यात कशी येते असं विचारलं की बहुतेक लोक लस, औषध किंवा लॉकडाऊन म्हणतात. या प्रकरणात यातलं काहीच नव्हतं. लस नव्हती, मान्य असं औषध नव्हतं, शहरही बंद केलं नाही, तरी दोन कोटींच्या आसपास लोकवस्ती असलेल्या, नायजेरियातल्या लागोस शहरात आलेला इबोला तीन महिन्यांत संपला. तो कसा संपला आणि मधे कुठे हातातून जवळजवळ निसटला होता, हे सविस्तर लिहितोय. पेशंट, डॉक्टर, हॉस्पिटलं यांची नावं मुद्दाम टाळलीयत, त्यातली काही तेव्हाच्या बातम्यांत आलेली आहेत पण इथे आपल्याला माणसं नाही तर त्यांच्यासमोरचे निर्णय बघायचे आहेत.

## पार्श्वभूमी

२०१४ च्या मार्चमध्ये गिनीने इबोलाची साथ जाहीर केली, तिथून ती लायबेरिया आणि सिएरा लिओनमध्ये गेली. याआधीच्या साथी बहुतेक जंगलालगतच्या दुर्गम गावांमध्ये व्हायच्या आणि तिथेच विझायच्या, या वेळी मात्र आजार राजधानीच्या शहरांमध्ये शिरला होता आणि जुलैपर्यंत तिथली हॉस्पिटलं अक्षरशः कोलमडायला लागली होती. नायजेरियात तोवर एकही केस नव्हती. पण लागोस म्हणजे त्या भागाचं विमानतळ, बंदर, बाजार सगळं एकत्र, तिथे आजार पोचला तर काय होईल या विचाराने तेव्हा जगभरच्या साथरोगवाल्यांची झोप उडालेली होती.

पुढचं समजायला इबोलाबद्दल दोन गोष्टी माहीत हव्यात. पहिली, विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत २ ते २१ दिवस जातात. दुसरी, आणि ही जास्त महत्त्वाची, लक्षणं सुरू होईपर्यंत तो माणूस दुसऱ्याला आजार देत नाही. गोवर किंवा कोविडसारखं नाही हे, तिथे माणसाला स्वतःला कळायच्या आत त्याने चार जणांना दिलेला असतो. इबोलामध्ये ताप आला की मग धोका सुरू, आणि आजार जसा वाढतो तसा रक्तातला, उलटीतला, जुलाबातला विषाणू वाढत जातो, शेवटच्या दिवसांत आणि मृत्यूनंतर तर सगळ्यात जास्त. म्हणून तो हवेतून शहरभर पसरत नाही, तो सेवा करणाऱ्यांना धरतो: नर्स, डॉक्टर, बायको, आई, अंत्यविधी करणारे. पण याच गुणधर्मामुळे त्याला अडवताही येतं, कारण संपर्कात आलेल्या प्रत्येकाला शोधून त्याला ताप आल्या आल्या बाजूला काढलं तर पुढची साखळी तुटते. कागदावर सोपं आहे.

## केस कशी आली

२० जुलै २०१४ ला लायबेरियाची राजधानी मन्रोव्हियाहून टोगोतल्या लोमेमार्गे आलेल्या विमानातून एक माणूस लागोसला उतरला. तो एका सरकारी बैठकीसाठी चालला होता. विमानातच त्याला उलट्या होत होत्या, विमानतळावर तो कोसळला. त्याला घ्यायला आलेल्या लोकांनी सावरलं आणि एका खाजगी हॉस्पिटलमध्ये नेलं. खाजगी यासाठी की तेव्हा सरकारी डॉक्टरांचा देशव्यापी संप चालू होता.

तिथे त्याला सरळ मलेरिया समजून ट्रीटमेंट सुरू झाली. यात डॉक्टरांचं काही चुकलं असं मला वाटत नाही, ज्या भागात तापाचा दुसरा तिसरा पेशंट मलेरियाचा असतो तिथे आधी मलेरियाच डोक्यात येणार. इबोलाच्या कुणाच्या संपर्कात आला होतात का असं विचारल्यावर त्याने नाही सांगितलं. प्रत्यक्षात काही दिवसांपूर्वीच त्याच्या जवळच्या नात्यातल्या व्यक्तीचा इबोलाने मृत्यू झाला होता.

## पहिला निर्णय: शंका घ्यायची का

मलेरियाच्या औषधाने फरक पडेना. इथे सिनियर डॉक्टरांनी दोन गोष्टी जोडल्या, औषधाला दाद न देणारा ताप आणि लायबेरियाहून झालेला प्रवास. पेशंट ‘नाही’ म्हणत असताना त्याच्या शब्दापेक्षा प्रवासाच्या इतिहासाला जास्त वजन दिलं. लगेच त्याला वेगळं ठेवलं, सॅम्पल पाठवला आणि आरोग्य खात्याला कळवलं. रिपोर्ट यायची वाट बघून मग कळवू असं केलं नाही, हे मला या अख्ख्या प्रकरणातलं सगळ्यात मोठं पाऊल वाटतं, कारण खाजगी हॉस्पिटलच्या दृष्टीने नुसती शंका कळवणं म्हणजे स्वतःच्या दारावर स्वतःच पाटी लावणं. शंका खोटी निघाली तरी बदनामी व्हायची ती होतेच.

आणि इथेच दुसरा दबाव आला. पेशंट सरकारी कामावर आलेला, बैठकीला जायचं होतं, त्याच्या देशाच्या अधिकाऱ्यांकडून डिस्चार्ज द्या म्हणून फोनाफोनी सुरू झाली. एखाद्याला त्याच्या इच्छेविरुद्ध कसं अडवून ठेवता असा तो रोख होता. हॉस्पिटलने नकार दिला. तेव्हा हातात पक्का रिपोर्टही नव्हता हे लक्षात घ्या, म्हणजे नकार फक्त क्लिनिकल शंकेच्या जोरावर होता. सोडलं असतं तर तो माणूस आणखी एक विमान पकडून देशाच्या दुसऱ्या टोकाच्या शहरात मीटिंग हॉलमध्ये जाऊन बसला असता.

लागोसच्या विद्यापीठ हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेस्ट होऊ शकली हे फार कामाला आलं. नायजेरियात लासा ताप आधीपासून आहे, त्यामुळे रक्तस्रावी तापाच्या विषाणूंची टेस्ट करायची सवय आणि यंत्रणा तिथे होती. सॅम्पल फक्त परदेशातच तपासून मिळाला असता तर डिस्चार्जचा दबाव झेलायचे दिवसही तेवढे वाढले असते.

२५ जुलैला पेशंटचा मृत्यू झाला. तोपर्यंत विमानतळ आणि हॉस्पिटल मिळून ७२ जण संभाव्य संपर्कात आलेले होते.

## खरी अडचण

पेशंट गेला म्हणजे प्रश्न संपला असं नाही, प्रश्न आता सुरू झाला. शंका येण्याआधीच्या वेळात त्याला सलाईन लावणारे, उलटी पुसणारे, अंथरूण बदलणारे कर्मचारी पुरेशा संरक्षणाशिवाय काम करत होते. नायजेरियात पुढे एकूण २० केसेस झाल्या त्यात ११ आरोग्य कर्मचारी होते आणि त्यातल्या नऊ जणांना याच पहिल्या पेशंटकडून, आजार ओळखला जाण्याआधी लागण झाली होती. ज्यांनी शंका घेतली, डिस्चार्ज नाकारला, त्या डॉक्टरांचाही यात मृत्यू झाला.

म्हणजे त्या क्षणी परिस्थिती अशी: पुढचे पेशंट आधीच ठरलेले आहेत, ते सध्या बरे आहेत, शहरात फिरतायत, घरी जेवतायत, आणि पुढच्या २१ दिवसांत त्यातल्या कुणाला तरी ताप येणार. कुणाला ते माहीत नाही. सरकारी डॉक्टर संपावर. इबोलासाठी तयार आयसोलेशन वॉर्ड नाही. लोकांमध्ये भीती इतकी की वॉर्डमध्ये काम करायला माणसं मिळेनात.

## समोर कुठले पर्याय होते

सीमा आणि विमानतळ बंद करणं हा पहिला पर्याय, आणि राजकीयदृष्ट्या सगळ्यात सोपा. काही विमान कंपन्यांनी बाधित देशांची उड्डाणं थांबवलीही. पण आजार आत आलेला होता. दार लावून आतला प्रश्न सुटत नाही, उलट बाहेरून येणारी मदत, किट, तज्ज्ञ हेच अडकतात. शेवटी येणाऱ्या जाणाऱ्यांचं विमानतळावर स्क्रीनिंग ठेवलं.

दुसरा पर्याय म्हणजे वस्तीच्या वस्ती सील करणं. हा किती महागात पडतो ते त्याच ऑगस्टमध्ये मन्रोव्हियात दिसलं, तिथे वेस्ट पॉइंट ही दाट झोपडवस्ती २० ऑगस्टला सैन्य लावून बंद केली, लोक चिडले, गोळीबार झाला, एक मुलगा मेला आणि साधारण दहा दिवसांत क्वारंटाइन उठवावं लागलं. लोकांचा सरकारवरचा विश्वास गेला तो वेगळाच, आणि इबोलामध्ये विश्वास गेला की लोक पेशंट लपवायला लागतात.

तिसरा, सगळ्या कॉन्टॅक्टना, म्हणजे पेशंटच्या संपर्कात आलेल्यांना, एका जागी सक्तीने ठेवायचं. ऐकायला बरं वाटतं, पण त्यातल्या एकाला ताप आला आणि कळायला उशीर झाला तर बाकीचे निरोगी लोक आपणच त्याच्याबरोबर कोंडलेले असणार, शिवाय यादीत नाव आलं की कोंडतात असं कळलं तर पुढच्या वेळी यादीत नाव द्यायला कोण पुढे येईल?

चौथा पर्याय सगळ्यात कष्टाचा: कॉन्टॅक्टना घरीच ठेवायचं, रोज त्यांच्या दारात जायचं, ताप मोजायचा, लक्षण दिसलं की लगेच उचलून टेस्ट. हाच निवडला. माझ्या मते तो बरोबर होता, आणि बरोबर असण्याचं कारण वर सांगितलेलं जीवशास्त्र आहे, लक्षणांआधी लागण नाही म्हणून निरोगी माणसाला कोंडायची गरजच नाही. हेच उत्तर उचलून दुसऱ्या कुठल्याही आजाराला लावता येणार नाही.

## काय केलं

२३ जुलैला, म्हणजे पेशंट जिवंत असतानाच, आरोग्य मंत्रालय आणि लागोस राज्य सरकारने मिळून इबोलासाठी एकच नियंत्रण केंद्र उघडलं. हे इतक्या पटकन जमलं कारण सांगाडा तयार होता. २०१२ पासून नायजेरियात पोलिओसाठी इमर्जन्सी ऑपरेशन सेंटर चालू होतं, त्याच्याच उपप्रमुखाला इथे इन्सिडेंट मॅनेजर, म्हणजे सगळ्या मोहिमेचा प्रमुख, म्हणून बसवलं आणि पोलिओसाठी घडवलेले एपिडेमिऑलॉजीचे डॉक्टर इकडे वळवले. केंद्र आणि राज्य यांची वेगवेगळी दुकानं न लावता एका टेबलावर सर्व्हेलन्स, लॅब, पेशंटची देखभाल, लोकांशी संवाद, विमानतळ अशा टीम्स बसवल्या आणि हिशोब एकाच माणसाला द्यायचा. साथीत सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो ‘हे कोणाच्या अखत्यारीत येतं’ यात, तो इथे बऱ्यापैकी वाचला.

मग याद्या. पेशंट कुठल्या विमानाने आला, शेजारी कोण बसलं, कुणी सावरलं, गाडी कुणी चालवली, हॉस्पिटलमध्ये कुठल्या पाळीला कोण होतं, लॉन्ड्री कुणी नेली, त्या प्रत्येकाच्या घरी कोण कोण. नवीन केस निघाली की तिची वेगळी यादी, त्यामुळे ७२ चे वाढत वाढत शेवटी ८९४ झाले.

प्रत्येक कॉन्टॅक्टचे २१ दिवस मोजले जातात ते शेवटच्या संपर्काच्या दिवसापासून, यादीत नाव आल्याच्या दिवसापासून नाही. हा फरक छोटा वाटतो पण गोंधळ इथेच होतो, घरातला पेशंट पाचव्या दिवशी हलवला असेल तर घरच्यांचा काटा त्या दिवसापासून सुरू होतो, आधीचे दिवस धरायचे नाहीत. रोजच्या भेटीत ट्रेसर, म्हणजे कॉन्टॅक्ट शोधून त्यांच्यावर लक्ष ठेवणारा कर्मचारी, दारातच उभा राहतो, शेकहँड नाही, घरात बसणं नाही, ताप बघतो, उलटी जुलाब अंगदुखी विचारतो, फॉर्म भरतो, उद्या परत येतो. ताप निघाला तर तो बहुतेक वेळा मलेरियाच असणार हे माहीत असूनही दर वेळी इबोला समजूनच हालचाल करायची. टेस्ट निगेटिव्ह आली तरी लक्षणं सुरू होऊन तीन दिवस झाले नसतील तर ती परत करायची, कारण सुरुवातीला रक्तात विषाणू कमी असतो आणि टेस्ट हुकू शकते.

दीडशेच्या आसपास ट्रेसर्सनी मिळून प्रत्यक्ष भेटी दिल्या सुमारे १८,५००. आता ८९४ ला २१ ने गुणा, १८,७७४ येतात. म्हणजे जेवढ्या भेटी व्हायला हव्या होत्या जवळजवळ तेवढ्या झाल्या. ज्यांनी कुठल्याही आजाराचा फॉलोअप केलाय, अगदी टीबीच्या गोळ्यांचा सुद्धा, त्यांना हा आकडा काय सांगतो ते लगेच कळेल, सातव्या आठव्या दिवसानंतर ‘ठीक आहे हो तो, फोनवर विचारू’ असं मनात येतंच, आणि फोनवर ताप मोजता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीप्रमाणे लागोसमध्ये १०० टक्के कॉन्टॅक्टपर्यंत पोचले, आणि पोर्ट हार्कोर्टमध्ये, म्हणजे आजार पुढे पोचला त्या दुसऱ्या शहरात, ९९.८ टक्के.

कॉन्टॅक्टच्या घराभोवतीच्या वस्तीतही घरोघरी जाऊन माहिती दिली, लागोस आणि पोर्ट हार्कोर्ट ज्यात आहेत ती दोन्ही राज्यं मिळून सुमारे २६ हजार घरं झाली. याची गरज का होती ते ऑगस्टच्या सुरुवातीला दिसलं, मिठाचं पाणी प्यायलं आणि त्याने आंघोळ केली की इबोला होत नाही असा मेसेज फिरला आणि लोकांनी रातोरात ते केलं, काही जण त्यानेच आजारी पडले. अफवेला नुसतं ‘विश्वास ठेवू नका’ म्हणून उत्तर देता येत नाही, मग काय करायचं ते कुणीतरी ओळखीच्या भाषेत दारात येऊन सांगावं लागतं.

सगळ्यात कच्चा दुवा आयसोलेशन वॉर्डचा राहिला. जागा ठरवून, साफ करून, पाणी वीज, दूषित आणि स्वच्छ असे वेगवेगळे मार्ग, क्लोरीनची व्यवस्था, हे सगळं होऊन नीट वॉर्ड उभा राहायला साधारण दोन आठवडे गेले आणि पहिले पेशंट तर त्याआधीच आले. स्टाफ मिळत नव्हता. ट्रीटमेंट म्हणजे मुख्यतः पाणी आणि क्षार, ओआरएसचे लिटरच्या लिटर, उलटी झाली तरी परत घोट घोट. २० पैकी १२ वाचले, म्हणजे मृत्यूचं प्रमाण ४० टक्के, त्या साथीच्या मानाने कमी. लवकर ओळखलं आणि लवकर पाणी दिलं याचा त्यात मोठा वाटा असावा असं मला वाटतं.

## गळती: पोर्ट हार्कोर्ट

आता तो भाग ज्यासाठी मी हे प्रकरण निवडलं. पहिल्या पेशंटच्या जवळून संपर्कात आलेला एक माणूस, यादीत नाव असलेला, देखरेखीखाली असलेला, लागोस सोडून पोर्ट हार्कोर्टला निघून गेला. त्याला बरं वाटत नव्हतं. १ ते ३ ऑगस्ट तो तिथे एका हॉटेलात राहिला आणि एका खाजगी डॉक्टरने गुपचूप त्याच्यावर उपचार केले. तो बरा झाला आणि लागोसला परत गेला.

डॉक्टरला ११ ऑगस्टला लक्षणं सुरू झाली. तरी १३ पर्यंत ते क्लिनिकमध्ये पेशंट बघत राहिले, किमान दोन ऑपरेशन्सही केली. मग घरी पडून राहिले, तर घरात नुकतंच बाळ झालेलं म्हणून नातेवाईक, मित्र भेटायला येत होते. १६ ला हॉस्पिटलमध्ये भरती, तिथे बहुतेक सगळ्या स्टाफने त्यांना बघितलं, चर्चमधले लोक येऊन अंगावर हात ठेवून प्रार्थना करून गेले. २१ ला सोनोग्राफी झाली. २२ ला मृत्यू. आणि इबोला म्हणून पक्कं निदान आलं २७ ऑगस्टला.

तारखा परत एकदा बघा. लागोसच्या पेशंटवर शंका घ्यायला दोन तीन दिवस लागले होते, इथे लक्षणांपासून निदानापर्यंत सोळा दिवस गेले, आणि तेही देशभर इबोलाची आणीबाणी जाहीर झालेली असताना. लागोसला शंका आली कारण प्रवासाचा इतिहास समोर होता. इथे तोच दुवा लपवलेला होता आणि तो माहीत असलेला डॉक्टर स्वतःच पेशंट होता. त्यांच्या बायकोला, त्याही डॉक्टर, लागण झाली आणि त्याच हॉस्पिटलमधल्या दुसऱ्या एका पेशंटलाही.

पुढची धावपळ मात्र जोरात झाली. २०० च्या वर कॉन्टॅक्ट काढले, त्यातले साठेक हाय रिस्क, २१ ट्रेसिंग टीम्स, निर्जंतुकीकरणाच्या दोन टीम्स, दफनाची वेगळी टीम, फिरती लॅब, २६ बेडचा आयसोलेशन वॉर्ड. लागोसमध्ये जे उभं राहायला दोन आठवडे लागले ते इथे फार लवकर झालं, कारण आता करायचं काय ते लोकांना पाठ झालं होतं. तेव्हा तिथे लागोसपेक्षा मोठा उद्रेक होईल अशी भीती जागतिक आरोग्य संघटनेने उघड बोलून दाखवली होती. तो झाला नाही.

## निकाल

नायजेरियात एकूण २० केसेस, ८ मृत्यू. शेवटच्या केसनंतर ४२ दिवस, म्हणजे २१ दिवसांचे दोन पूर्ण फेरे, नवीन केस नाही हे बघून २० ऑक्टोबर २०१४ ला जागतिक आरोग्य संघटनेने देश इबोलामुक्त जाहीर केला, विमान उतरल्यापासून बरोबर तीन महिन्यांनी. गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या तीन देशांमध्ये मिळून ही साथ संपेपर्यंत २८ हजारांवर केसेस आणि ११ हजारांवर मृत्यू झाले.

यात नशिबाचा भागही होता आणि तो मोकळेपणाने मान्य केला पाहिजे. पेशंट विमानतळावरच कोसळला, शहरात फिरला नाही. संपामुळे तो गर्दीच्या सरकारी वॉर्डाऐवजी छोट्या खाजगी हॉस्पिटलमध्ये गेला, म्हणजे कॉन्टॅक्ट मोजता येतील इतके राहिले. आणि तो कुठून आला हे माहीत होतं. पण एवढं सगळं जुळूनही ८९४ माणसं शोधायला लागली, फक्त एका प्रवाशामुळे.

## काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी, तापाच्या प्रत्येक पेशंटला दारातच प्रवास आणि संपर्क विचारणं, आणि उत्तराची वाट न बघता हातमोजे, डोळ्यांचं संरक्षण, सुया टाकायची नीट सोय ही रोजची सवय असणं. त्या नऊ कर्मचाऱ्यांना लागण निदान होण्याआधी झाली, म्हणजे निदान कितीही हुशारीने केलं असतं तरी ते वाचले नसते, त्यांना वाचवू शकली असती ती फक्त सगळ्या पेशंटसाठी सारखी असलेली खबरदारी. इबोलासाठीची खास किट मागवणं हे नंतरचं काम आहे.

दुसरं, कॉन्टॅक्ट पळाला का याचा विचार. पळाला म्हणून त्याला दोष देऊन मोकळं व्हायचं सोपं असतं. पण त्या माणसाच्या जागी उभं राहून बघा, अंगात कणकण आहे, ओळखीची माणसं मरतायत, वॉर्ड अजून अर्धवट आहे आणि तिथे गेलेला माणूस परत येत नाही असं ऐकू येतंय. आयसोलेशन वॉर्ड ही उपचाराची जागा न वाटता मरायला टाकायची जागा वाटली की कॉन्टॅक्ट निसटणारच. म्हणून माझ्या लेखी वॉर्डाचा दर्जा हा सुद्धा ट्रेसिंगचाच भाग आहे. पाणी, जेवण, घरी बोलायला फोन, बरे झालेले लोक बाहेर येताना दिसणं, आणि २१ दिवस घरी बसलेल्याचा पगार, किराणा, नोकरी यांची हमी, यावर खर्च केलेला पैसा ट्रेसरच्या पेट्रोलइतकाच गरजेचा आहे. घरमालक बाहेर काढेल ही भीती तापापेक्षा मोठी असेल तर थर्मामीटर घेऊन दारात जाण्याला काही अर्थ राहत नाही.

तिसरं, एखादा दिवस कॉन्टॅक्ट घरी सापडला नाही तर ती बातमी किती वेळात वर जाते आणि दुसऱ्या राज्यांना कधी कळते. माझ्या मते हाय रिस्क कॉन्टॅक्टची एक भेट चुकली की त्याच दिवशी सगळ्या राज्यांच्या सर्व्हेलन्स टीमला निरोप गेला पाहिजे, नाव सगळीकडे जाहीर न करता. यात गोपनीयतेचा प्रश्न खरा आहे, यादी बाहेर फुटली की पुढच्या लोकांनी नाव सांगणं बंद होतं, त्यामुळे निरोप कुणाला द्यायचा ती साखळी आधीच ठरलेली हवी, ऐन वेळी नाही.

चौथं, खाजगी डॉक्टरांसाठी बिनधास्त फोन करता येईल अशी जागा. पोर्ट हार्कोर्टच्या डॉक्टरकडे ३ ऑगस्टनंतरही, स्वतःला लक्षणं यायच्या आधी, आठवडाभर वेळ होता. त्या आठवड्यात फोन केला असता तर ते फक्त एक कॉन्टॅक्ट राहिले असते, घरी बसून रोज ताप मोजून घेणारे, आणि लक्षणं आली त्याच दिवशी बेड मिळाला असता. पण फोन करणं म्हणजे आपण लपवून उपचार केले हे कबूल करणं, क्लिनिक बंद, कदाचित कोर्टकेस. इथे शिक्षेची भीती आणि कळवण्याची गरज समोरासमोर येतात, आणि साथ चालू असताना मी तरी कळवणाऱ्याला अभय देण्याच्या बाजूने आहे. उशिरा कळवलं तरी कारवाई नाही, हे सगळ्या खाजगी डॉक्टरांपर्यंत पहिल्या आठवड्यात पोचायला हवं होतं. याच्या विरोधात मत असू शकतं, असं केलं तर लपवाछपवीला उत्तेजन मिळेल असं म्हणणारे लोक मला भेटलेत, त्यांचा मुद्दा शांत काळासाठी मला पटतो.

आज हीच केस आली तर हातात जास्त साधनं आहेत. २०१५ मध्ये गिनीत इबोलाच्या लशीची रिंग पद्धतीने चाचणी झाली, म्हणजे पेशंटचे कॉन्टॅक्ट आणि त्या कॉन्टॅक्टचे कॉन्टॅक्ट अशा कड्यातल्या लोकांना लस, आणि २०१९ मध्ये तिला मान्यता मिळाली. झैर प्रकारच्या इबोलावर (२०१४ ची साथ याच प्रकाराची होती) अँटीबॉडीची औषधंही २०२० मध्ये मान्य झाली. पण रिंग आखायची तर कॉन्टॅक्टची यादी लागतेच, आणि यादीतला माणूस दुसऱ्या शहरात हॉटेलात असेल तर त्याच्याभोवतीचं कडं कुणाला दिसणार नाही.